कार्यानुभवाचा तास आणि बेदाण्याचे शेड

निवृत्त विज्ञान शिक्षक, तासगाव:
२०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकू द्यावे, असे सुचवले आहे. मला हे दिवस फार अपुरे वाटतात. आमच्याकडे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरतात, आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सालीवरच्या मेणाचे काय होते, वजन कुठे जाते, हे मुलांनी शेडमध्ये उभे राहून शिकावे, असे मी नोकरीभर सांगत आलो. प्रत्यक्षात कार्यानुभवाच्या तासाला मुले बाजारातून विकत आणलेली कागदी फुले जमा करीत आणि आम्ही त्यांवर गुण देत असू. याची खंत अजून जात नाही.

एक पालक, वाई:
सर, तुमची तळमळ मला पोचते, तरीही माझा विरोध आहे. दुसऱ्याची हळद शिजवून आणि पॉलिश करून माझ्या आईचे हात कायमचे पिवळे झाले, ते मला त्या कामातून सुटता यावे म्हणून. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफायचे ठरले, पुढे कोठारी आयोगाने सर्वांसाठी कार्यानुभव सुचवला. पण व्यावसायिक शाखेत आजही डॉक्टरांची मुले सहसा दिसत नाहीत, मजुरांचीच दिसतात.

निवृत्त विज्ञान शिक्षक, तासगाव:
ताई, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ चालवले, तेव्हा राबणारी मुले पदवीपर्यंत पोचलीच ना?

एक पालक, वाई:
पोचली, आणि त्याबद्दल आमच्या पिढ्या कृतज्ञ आहेत. पण सर, तिथे श्रम ही पैसा नसलेल्या मुलाची फी होती. अभ्यासक्रम मात्र इतरांचाच होता, म्हणून तर ती मुले पुढे गेली.

निवृत्त विज्ञान शिक्षक, तासगाव:
हा फरक मी आजवर नीट मांडला नव्हता, हे मान्य करतो. तेव्हा मागणी दुरुस्त करतो: बेदाण्याचा धडा सांगलीतल्या महागड्या इंग्रजी शाळेलाही तितकाच सक्तीचा असावा, आणि मुलांनी केलेला माल शाळेने विकून खर्च भागवू नये.

एक पालक, वाई:
हळदीच्या पॉलिश ड्रमची धूळ छातीत बसते, तेव्हा मुलांना तिथे नेताना तोंडावर कापड हवे, हेही त्यात लिहा. हा धडा दहावीच्या गुणपत्रिकेत विज्ञानाच्याच रकान्यात मोजला जाणार असेल, तर माझा विरोध उरत नाही. त्यासाठी वेगळी तुकडी काढणार असाल, तर तो कायम आहे.