लेन असिस्ट चालू असताना ‘हात स्टिअरिंगवर ठेवा’ हा इशारा चुकीच्या वेळी येतो : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या माझ्या गाडीत क्रूझ कंट्रोलबरोबर लेन असिस्टही आहे, म्हणजे रस्त्यावरचे पट्टे स्पष्ट असतील तर गाडी स्वतःच स्टिअरिंग हलके वळवत मार्गिकेच्या मधोमध राहते. आई नागपूरला एकटी असल्यामुळे संभाजीनगरच्या सावंगीपासून शिवमडक्यापर्यंत समृद्धी महामार्गाने माझे महिन्यातून एकदा जाणे-येणे असते.

जालना सोडल्यावर रस्ता सरळ लागला की माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि नजर समोर असतानाही दर काही वेळाने हात ठेवण्याची सूचना पडद्यावर येते, आणि दुर्लक्ष केले तर आवाज सुरू होतो. स्टिअरिंगला हिसका दिला की ती थांबते. या हिसक्याची आता इतकी सवय झाली आहे की सूचना नेमकी कसली आहे हे न वाचताच हात हलतो, आणि मला खरी भीती या सवयीचीच वाटते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गेल्या महिन्यात परतताना, जेवण झाल्यावर, कारंजा मागे टाकल्यानंतर माझा डोळा लागला. उजवा हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला नुसता लोंबकळत होता. पत्नीने खांदा हलवून जागे केले. तिच्या अंदाजाने चार-पाच सेकंद गेले असावेत. ताशी १२० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे ३३ मीटर अंतर कापले जाते, म्हणजे दीडशे मीटर गाडी झोपलेल्या माणसाच्या हाती होती. तेवढ्या वेळात इशारा आला नाही, आणि विश्रांती सुचवणारे कपाचे चिन्हही दिसले नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून तपासणी झाली, दोष निघाला नाही, आणि ‘हे असेच चालते’ असे उत्तर मिळाले. एका मित्राने स्टिअरिंगला वजन बांधण्याचा उपाय सुचवला, तो मी करणार नाही. मी जागा असताना गाडीला माझा हात कळावा यासाठी तो कसा ठेवावा, आणि मी पेंगत असताना हीच यंत्रणा गप्प का राहिली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

मी स्टिअरिंगच्या सुट्या भागांच्या उद्योगात काम करतो. तुमच्या दोन्ही अनुभवांचे कारण बहुधा एकच आहे. अनेक गाड्यांना हाताचा स्पर्श कळत नाही, फक्त पीळ कळतो. स्टिअरिंगच्या दांड्यात एक टॉर्शन बार असतो आणि तो किती पिळला गेला हे टॉर्क सेन्सर मोजतो. दोन्ही हात दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने ठेवले तर दोन्हीकडचा पीळ एकमेकांना छेद देतो आणि सेन्सरला हात नसल्यासारखेच वाटते. उलट, झोपेत एका बाजूला लोंबकळणारा हात सतत पीळ देत राहतो. म्हणून सरळ रस्त्यावर एका हाताचे थोडे वजन घड्याळातील तीन किंवा नऊच्या जागी सोडून ठेवा, हिसक्याची गरज पडणार नाही. काही गाड्यांच्या स्टिअरिंगच्या कड्यात स्पर्श ओळखणारा सेन्सर असतो, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

हा इशारा हातासाठी आहे, जागेपणासाठी नाही. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७९ नुसार हात नसल्याची दृश्य सूचना १५ सेकंदांच्या आत आणि आवाज ३० सेकंदांच्या आत यावा लागतो. तुमच्या वेगाने १५ सेकंदांत अर्धा किलोमीटर मागे पडतो, त्यामुळे हात पूर्ण सुटला असता तरी इशारा वेळेवर मिळालाच असता असे धरून चालू नका.

कपाचे चिन्ह वेगळ्या गणितावर चालते. मर्सिडीजने २००९ मध्ये आणलेल्या आणि त्या धर्तीच्या अनेक यंत्रणा चालकाच्या हाताच्या बारीक दुरुस्त्या पाहतात. पेंग आली की त्या थांबतात आणि मग एकदम मोठी दुरुस्ती होते. लेन असिस्ट चालू असताना त्या दुरुस्त्या गाडीच करते, मग तुमच्या हातावरून ओळखण्यासारखे फारसे उरत नाही. चेहऱ्याकडे रोखलेला इन्फ्रारेड कॅमेरा असेल तरच डोळे मिटल्याचे थेट कळते. तुमच्या गाडीत तो आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहा.

वजनाला नकार दिलात हे योग्यच केलेत. स्टिअरिंगला लावायचे असे एक चुंबकी साधन विकणे थांबवण्याचा आदेश अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला होता.

धागाकर्ता :

मनापासून आभार. परवा जालन्यापर्यंत जाऊन पाहिले; उजवा हात तीनच्या जागी सैल सोडल्यावर पूर्ण वाटेत सूचना एकदाच आली. मॅन्युअलप्रमाणे गाडीत कॅमेरा नाही. आता जेवणानंतर लेन असिस्ट बंद ठेवून पत्नीने गाडी चालवायची असे आम्ही ठरवले आहे. डॅशबोर्डवर वेगळा बसवता येणारा, डोळे पाहणारा कॅमेरा कोणी वापरला असेल, तर चष्मा घालणाऱ्या चालकाच्या बाबतीत तो रात्री नीट चालतो का, एवढे सांगावे.