मातीतले बॅक्टेरिया मोजले पण दोन प्लेटची उत्तरं जुळत नाहीयेत, कुठली धरायची?

मातीकण:
प्रॅक्टिकलला मातीतले बॅक्टेरिया मोजायचे होते. १ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये टाकली, मग १ मिली पुढच्या ९ मिलीत असं दर पायरीला दहापट पातळ करत मायनस ६ पर्यंत (म्हणजे मूळच्या दहा लाखाव्या भागापर्यंत) डायल्यूशन केलं, एका टेबलाला एकच पिपेट होतं त्यामुळे सगळ्या ट्यूबना तेच वापरलं. मायनस ३ पासून पुढे प्रत्येकातलं ०.१ मिली न्यूट्रियंट अगारवर (बॅक्टेरियांचं खाणं घातलेली जेली) स्प्रेड केलं, ३० डिग्रीला ४८ तास. मायनस ३ वर नुसता थर आलाय, मायनस ४ वर २४० कॉलनी (बॅक्टेरिया वाढून डोळ्यांना दिसणारे ठिपके), मायनस ५ वर ५१ आणि मायनस ६ वर ११. ३० ते ३०० कॉलनी असलेली प्लेट धरायची असते पण इथे दोन बसतात, आणि एकीवरून ग्रॅमला २.४ कोटी येतात तर दुसरीवरून ५.१ कोटी! सरासरी काढू का?
अजून एक, एक छान पिवळी कॉलनी उचलून स्ट्रीक केली (तारेच्या लूपने रेघा ओढत पसरवली) तर नव्या प्लेटवर पिवळ्यांच्या जोडीला बारीक पांढऱ्या पण आल्यात. असं का?

लूपवाला:
सरासरी नको काढूस, आधी आकडे नीट बघ. दर पायरीला कॉलनी दहापट कमी व्हायला हव्यात, तुझ्या साधारण पावणेपाचपटच होतायत, आणि दोन्ही पायऱ्यांना तेवढ्याच. ११ चा आकडा लहान आहे त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये, पण नुसता योगायोग असता तर एकदा जास्त एकदा कमी असं काहीतरी दिसलं असतं. दर वेळी एकाच बाजूला चुकतंय म्हणजे बहुतेक पिपेटच. आधीच्या ट्यूबमधलं जाड पाणी पिपेटच्या आतून-बाहेरून चिकटून पुढे जातं, आणि पुढची ट्यूब जितकी पातळ तितका तो थेंब महाग पडतो. प्रत्येक पायरीला नवीन निर्जंतुक पिपेट किंवा टिप घ्यायची आणि टोक पाण्यात जेमतेमच बुडवायचं. प्लेटवर टाकताना मात्र एक टिप चालते, फक्त सुरुवात सगळ्यात पातळ ट्यूबपासून करून जाडीकडे यायचं.
दुसरं कारण गर्दीचं. २४० वाल्या प्लेटवर कॉलनी एकमेकींचं खाणं पळवतात, काही उठतच नाहीत, त्यामुळे तिथला आकडा थोडा कमी येऊ शकतो.

ढेकूळ:
पिपेटचं बरोबर आहे, पण मला वाटतं पहिल्या ट्यूबकडे कोणीच नीट लक्ष देत नाही. बॅक्टेरिया पाण्यात सुटे तरंगत नसतात हो, मातीच्या कणांना चिकटून गठ्ठ्याने बसलेले असतात, आणि एक गठ्ठा प्लेटवर पडला की त्यात कितीही पेशी असोत, कॉलनी एकच. म्हणून तर पेशी न म्हणता सीएफयू (कॉलनी फॉर्मिंग युनिट, म्हणजे कॉलनी देणारा घटक) म्हणतात. पहिली बाटली २०-३० मिनिटं शेकरवर ठेवायची, जमलं तर ०.१ टक्का सोडियम पायरोफॉस्फेट घालायचं, त्याने कण सुटे होतात. आणि हलवल्या हलवल्या लगेच १ मिली काढायचा. ट्यूब स्टँडवर ठेवून लेबल लिहीत बसलात की जड कण तळाला जातात, वरचं पाणी नितळ दिसायला लागतं, आणि बरेचसे बॅक्टेरिया त्या कणांबरोबर खाली गेलेले असतात.
शक्य असेल तर १ ग्रॅमऐवजी १० ग्रॅम ९० मिलीत घ्या, एका ग्रॅममध्ये एखादा मुळाचा तुकडा आला तरी आकडा हलतो. त्याच मातीचा वेगळा भाग १०५ डिग्रीला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून कोरडं वजनही काढा. ओलावा २० टक्के असेल तर तुमचा १ ग्रॅम खरा ०.८ ग्रॅमच, म्हणजे २.४ चे ३ कोटी होतात. ओली माती आणि कोरडी माती यांची तुलना त्याशिवाय करूच नये.

अगारप्रेमी:
पिवळ्या कॉलनीबद्दल. मातीतल्या बऱ्याच कॉलनी चिकट असतात, त्या चिकटात दुसरे बॅक्टेरिया अडकून बसतात आणि डोळ्यांना कॉलनी एकदम स्वच्छ दिसते. शिवाय तू गर्दीतली उचलली असशील तर शेजारीण आलीच बरोबर. पातळ प्लेटवरची, चारी बाजूंनी मोकळी असलेली घे, कडेला लूप नुसता टेकव, खरवडू नको. चार भागात स्ट्रीक करताना दर भागानंतर लूप लाल करून थंड होऊ द्यायचा, मग शेवटच्या भागातली सुटी कॉलनी उचलून परत स्ट्रीक, असं निदान तीनदा. नंतर ग्रॅम स्टेन (बॅक्टेरिया रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायची पद्धत) करून सगळ्या पेशी एकसारख्या दिसतात का बघ, तेव्हाच शुद्ध म्हण.
आणि प्लेटी ४८ तासांत फेकू नका प्लीज! स्ट्रेप्टोमायसिससारखे हळू वाढणारे बॅक्टेरिया ५-७ दिवसांनी खडूसारख्या कोरड्या कॉलनी देतात, त्यांची खरी मजा तेव्हाच. न्यूट्रियंट अगार दहापट पातळ करून एक प्लेट लावून बघ, मातीत कमी खाण्यावर जगणाऱ्यांना तेच मानवतं आणि वेगळेच चेहरे दिसतात. तरीही प्लेटवर येतात ते थोडेच, मायक्रोस्कोपखाली मोजलेल्या पेशींच्या साधारण १ टक्का असं म्हणतात. या फरकाला ‘ग्रेट प्लेट काउंट अ‍ॅनॉमली’ हे नाव १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का यांनी रूढ केलं.

मातीकण:
सगळ्यांना खूप थँक्स, पिपेटचं आता पटलं. पण जर्नलमध्ये आत्ता कुठला आकडा लिहू? परत करायला पुढच्या आठवड्यात वेळ मिळेल.

लूपवाला:
आत्ताचे तिन्ही आकडे जसे आहेत तसे लिही, दहापट पडत नाहीयेत आणि पिपेट एकच होतं हेही लिही, आणि अंतिम उत्तराची जागा मोकळी ठेव. पुढच्या वेळी दर डायल्यूशनच्या तीन तीन प्लेट लाव म्हणजे एखाद्या प्लेटवर पसरणारा बॅसिलस आला तरी अडणार नाही. आणि जुन्या प्लेटी धुण्याआधी १२१ डिग्रीला ऑटोक्लेव्ह कर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक कर), मातीतून काय काय उगवलंय ते आपल्याला माहीत नसतं.