नेपच्यून वक्री आणि ट्रायटनही वक्री?

दादर: पंचांगात दर वर्षी जुलैच्या सुमारास 'नेपच्यून वक्री' अशी नोंद असते. शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ते तयार होतायत, त्यात नेपच्यूनच्या ट्रायटन या उपग्रहालाही 'वक्री उपग्रह' म्हटलंय. दोन्हीकडे अर्थ एकच का?

मुलुंड: नाही. पंचांगातलं वक्री दिसण्यापुरतं असतं. ग्रह ताऱ्यांमधून एरवी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे 30 किमी, नेपच्यूनचा जेमतेम साडेपाच. आतल्या कक्षेतून आपण त्याला मागे टाकतो तेव्हा तो पाचेक महिने पश्चिमेकडे जाताना दिसतो. तो थबकल्यासारखा वाटला की स्तंभी, पुन्हा पूर्वेकडे निघाला की मार्गी. सूर्याभोवतीची त्याची 165 वर्षांची फेरी मात्र न थांबता, न वळता चालूच असते.

ट्रायटन खरोखर उलटा फिरतो. नेपच्यून स्वतःभोवती ज्या दिशेने फिरतो, त्याच्या विरुद्ध दिशेने तो 5 दिवस 21 तासांत एक फेरी मारतो. नेपच्यूनच्या विषुववृत्ताशी त्याच्या कक्षेचा कल 157 अंश आहे. कल 90 च्या पुढे गेला की दिशा उलट धरतात. ग्रहाभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत जन्मलेला, 2,700 किमी व्यासाचा उपग्रह असा फिरणार नाही, म्हणून तो कायपर पट्ट्यातून, म्हणजे नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोलांच्या पट्ट्यातून, पकडला गेला असं मानतात. या उलट दिशेचा परिणामही मोठा आहे. भरती-ओहोटीच्या ओढीने आपला चंद्र दूर जातोय, ट्रायटन मात्र हळूहळू नेपच्यूनकडे ओढला जातोय. दोन्हींना वक्री म्हटलं की मुलांना वाटतं, ट्रायटनही डिसेंबरात मार्गी होईल!

ठाणे: मग 'प्रतिगामी' लिहा.

मुलुंड: शास्त्रीय लेखात चालेल. शाळेच्या तक्त्यावर नको, प्रतिगामी म्हटलं की आधी विचारसरणीच आठवते. सव्य-अपसव्यही (घड्याळाच्या काट्यांप्रमाणे किंवा उलट) टाळा, कक्षा उत्तरेकडून पाहिली की एक, दक्षिणेकडून पाहिली की दुसरं. सरळ लिहा: 'ट्रायटन: नेपच्यूनच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा करणारा उपग्रह'.

गिरगाव: नेपच्यूनच्या नेरीड या दुसऱ्या उपग्रहाचीही कक्षा विचित्र आहे ना? तोही याच गटात?

मुलुंड: नाही. नेरीडची कक्षा फार लंबुळकी, फेरी 360 दिवसांची, पण दिशा सरळ. लांबट असणं आणि उलट असणं या वेगळ्या गोष्टी.

ठाणे: मुलांना वक्री गती प्रत्यक्ष दाखवायची तर सप्टेंबरअखेरची प्रतियुती (पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला नेपच्यून) मुंबईत बहुतेक ढगांतच जाते. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की वांगणीच्या बाजूला, शहराच्या उजेडापासून दूर जा. नेपच्यूनची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितका अंधुक) 7.8, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी नाहीच आणि दादरच्या उजेडात दुर्बिणीतूनही कठीण. 10×50 ची (दहा पट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) द्विनेत्री तिपाईवर बसवा, नकाशावरून मीन तारकासमूहातली जागा गाठा आणि आसपासचे पाच-सहा तारे कागदावर मांडा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो दिवसाला साधारण दीड कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो. दहा दिवसांनी तोच कागद घेऊन बसलात तर पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा फरक दिसेल. जो ठिपका हलला तो नेपच्यून. ट्रायटन यात दिसणार नाही, त्याची प्रत 13.5 आहे.

नेत्रिकेआधी (डोळा लावायच्या भिंगाआधी) काटकोनी आरसा असलेली दुर्बीण वापरलीत तर चित्र डावं-उजवं उलटतं आणि वक्री ग्रह मार्गी वाटतो. कागदावर पश्चिम बाजू आधीच लिहून ठेवा: दुर्बीण न हलवता तारे दृश्यातून ज्या कडेने बाहेर सरकतात, ती पश्चिम.