चाकं उघडली नाहीत की वैमानिक हिरो होतो, मेकॅनिकला कोण विचारतं?

ग्रीसवाला
1 नोव्हेंबर 2011, वॉर्सा. पोलंडच्या लॉट कंपनीचं बोईंग 767 चाकांविना पोटावर उतरलं. 231 माणसं, सगळी सुखरूप. कॅप्टन तादेउश व्रोना रातोरात हिरो झाले. व्हायलाच हवे होते. पण आधी काय घडलं? उड्डाणानंतर थोड्याच वेळात एका होजमधून (लवचिक नळीतून) चाकं हलवणारं हायड्रॉलिक तेल गळून गेलं. अशा वेळी विजेची मोटर चाकांची कुलपं सोडते आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात. तेही झालं नाही, कारण त्या मोटरची वीज जोडणारा खटका, म्हणजे सर्किट ब्रेकर, उघडा होता, वीज तुटलेली होती. नंतर विमान उचलून तो दाबला, तर चाकं निमूट उघडली!
माझं मत: लँडिंग गिअरचे (चाकं आणि त्यांचा सांगाडा) बहुतेक घोटाळे देखभालीत रुजतात. तपासण्या दुप्पट करा.

उलटा_वारा
उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. ब्रेकर कॉकपिटमध्ये होता, तो उघडा असल्याचं वैमानिकांच्या लक्षात आलं नाही. यात हँगरचा, म्हणजे दुरुस्तीच्या शेडचा, काय संबंध?
आणि ‘दुप्पट तपासण्या’ म्हणाल तर 2005 चं जेटब्लू कंपनीचं एअरबस ए320 आठवा. पुढचं चाक 90 अंशात आडवं झालं आणि ठिणग्या उडवत लॉस एंजेलिसला उतरलं. चौकशीत काय निघालं? उतरण्याआधी यंत्रणा आपणहून चाक वळवून चाचणी घ्यायची. त्या चाचण्यांनीच चाक सरळ धरणारे दोन खुंट थकून तुटले. तपासून तपासून मोडलं, राव.

ग्रीसवाला
ती संगणकाची चाचणी होती, माणसाची तपासणी नव्हे. ब्रेकरचं मात्र मान्य, चुकीचं उदाहरण उचललं.
आता हे घ्या. डिसेंबर 1978, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचं डीसी-8 विमान. गिअर ओढणाऱ्या सिलिंडरच्या दांड्याचे आटे गंजले होते, दांडा सुटला, चाक धाडकन खाली पडलं. चाक पक्कं बसल्याचा दिवा लागेना म्हणून वैमानिक घिरट्या घालत राहिले, इंधन संपलं, 10 माणसं गेली. सप्टेंबर 2007 मध्ये एसएएस या विमान कंपनीच्या क्यू400 विमानांचे गिअर चार दिवसांत दोनदा कोसळले. कारण? पुन्हा दांड्याच्या टोकाचे गंजलेले आटे. 29 वर्षांनी, वेगळ्या विमानात, जागा तीच.

उलटा_वारा
पुढचंही सांगा की. त्याच ऑक्टोबरमध्ये तिसरं क्यू400 कोपनहेगनला कोसळलं, तिथे गंज नव्हता. एक ओ-रिंग (रबरी कडं) हायड्रॉलिकच्या भोकात अडकली होती. आटे आत दडलेले असतात. बाहेरून शंभरदा टॉर्च मारला तरी दिसणार नाहीत, आणि दर वेळी उघडत बसलात तर जोडतानाच्या चुका वाढतील. म्हणूनच पूर्ण ओव्हरहॉल (सगळं उघडून दुरुस्ती) साधारण 10 वर्षांनी किंवा 18-20 हजार उड्डाणांनी ठेवलाय.

हँगरमधला
दोघांचं वाचलं. अधलंमधलं रोजचं काम मी सांगतो. स्ट्रटचा (चाकाच्या धक्के झेलणाऱ्या पायाचा) चकचकीत दांडा हायड्रॉलिक तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर त्यावरची धूळ सील कापते. ग्रीस भरताना जुनं काळं बाहेर पडून नवं स्वच्छ दिसेपर्यंत दाबत राहायचं. एका रात्री त्या काळ्या ग्रीसमध्ये बोटाला धातूचा बारीक कीस लागला. विमान सकाळचं होतं. मी सही केली नाही. दोन तास बोलणी खाल्ली, मग बुशिंग (सांध्यातलं धातूचं कडं) निघालं: एका बाजूने झिजलेलं.
वाद किती वेळा तपासायचं याचा नाहीच. 11 जुलै 1991, जेद्दा, नायजेरिया एअरवेजच्या नावाने निघालेलं डीसी-8. टायरमध्ये हवा कमी आहे हे मेकॅनिकला माहीत होतं. उशीर नको म्हणून वरून ‘जाऊ द्या’ आलं. धावपट्टीवरच टायर फुटले, पेटले, आणि पेटती चाकं पोटात ओढली गेली. 261 माणसं होती, एकही वाचलं नाही. तपासण्या दुप्पट करून त्यांना काय मिळालं असतं?

उलटा_वारा
हे पटलं. पण मग ‘नाही’ म्हणणाऱ्याला कंपनीच्या दबावापासून वाचवायचं कसं? त्याची सहीच अखेरची धरायची?

हँगरमधला
कागदावर तशीच असते. त्या सकाळी मला वाचवलं ते शिफ्ट इनचार्जने. तोही ओरडत होता, पण फोन त्याने माझ्या हातात दिला नाही.