मदत हवी आहे: बेअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) सहा दिवस काही खात नाही

पेटीवाला: लवकर सांगा कुणीतरी. सहा दिवस झाले, ढब्बूने तोंडात काही धरलेलं नाही. रातकिडा नाकासमोरून गेला तरी ढिम्म. दिवसभर लाकडाखाली पडून. दिवा चालू आहे, पेटी मोठी आहे, सगळं नेहमीचंच. जंताचं औषध किती देऊ?

चिकित्सक: वय? तापमान? दिवा कुठला? शेवटची शी कधी केली? नुसतं 'दिवा चालू आहे' यावरून काय डोंबल कळणार! औषध मनाने देऊ नका.

काटेरी: खाली वाळू असणार. आमच्या पिल्लाने वाळू गिळली होती, पोट गच्च. आधी ती वाळू उपसा आणि कागद अंथरा.

पेटीवाला: वाळू नाहीये हो, लाद्या आहेत. वय दोन वर्षं. तापमान 30. शी आठवडाभर नाही. डोस सांगा ना.

संथ: ब्रुमेशन आहे, म्हणजे सरड्यांची थंडीतली लांब झोप. माझी दरवर्षी दोन महिने अशीच दडी मारते. झोपू द्या.

चिकित्सक: संथ, आजारी जनावर 'झोपलंय' म्हणून सोडलं की संपलंच. आणि 30 कुठलं? भिंतीला चिकटवलेल्या गोल, काट्याच्या थर्मामीटरचं? शेकायच्या दगडावर 38 ते 42 लागतं, गार बाजूला 25च्या आसपास.

संथ: माझी नऊ वर्षांची आहे. तुमची?

कासववाले: रोज पालक देताय का? त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. माझ्या कासवाला तर...

काटेरी: इथे कासव कुठून आलं?

पेटीवाला: पालक देत नाही. प्रोबवाला थर्मामीटर दगडावर ठेवून पाहिला, 33. यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी आहे, दीड वर्षापूर्वीची, काचेच्या झाकणावर ठेवलेली. मागचा पाय मधूनच थरथरतो. गारठ्याने असेल म्हणून लिहिलं नव्हतं.

चिकित्सक: अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! काच यूव्हीबी अडवते. शिवाय नळी पेटलेली दिसली तरी तिचा यूव्हीबी वर्षभरात बराच उतरतो. यूव्हीबी नाही तर डी3 जीवनसत्त्व नाही, डी3 नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतलं ओढतं. खालचा जबडा मऊ लागतोय का? जोरात दाबू नका. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे आजच न्या.

संथ: पाय थरथरतोय म्हणजे झोप नव्हे. माझं आधीचं सोडा, न्या.

कासववाले: कासवांतही हेच होतं, तेच सांगत होतो.

पेटीवाला: जबडा एका बाजूने मऊ आहे. डॉक्टरांनी संध्याकाळी पाचला बोलावलंय. डब्यात खाली काय घालू?

काटेरी: जुना टॉवेल. शेजारी कोमट पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून. वाळू नको.