रोजची आंघोळ थांबवा, ब्रश हातात घ्या

केस गळतात म्हणून तुमच्या लॅबला, म्हणजे लॅब्रेडॉर कुत्र्याला, रोज शांपूने न्हाऊ घालताय, वर उन्हाळ्यासाठी भादरायचंही म्हणताय. दोन्ही नको. माणसांचा शांपू तर नकोच; कुत्र्याच्या कातडीला तो झेपत नाही, ती कोरडी पडते आणि खाजवणं वाढतं. लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर उन्हातही कामाचा असतो, त्यामुळे मशीन फिरवून काही साधत नाही. एरवी तीन-चार आठवड्यांनी एकदा आंघोळ पुरे.

खरं काम ब्रशचं. रोज संध्याकाळी फिरून आलं की पाच मिनिटं, केसांच्या दिशेने. गॅलरीत करा, नाहीतर घरचे तुम्हालाच बाहेर काढतील! त्याच वेळी बोटं उलट्या दिशेने फिरवून गोचिड्या बघा: कानामागे, काखेत, गळपट्ट्याखाली आणि मुख्य म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. पावसाळ्यात तर एकही दिवस चुकवू नका, गोचीडतापाने कुत्री दगावतात. सापडली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल वगैरे अजिबात नको.

नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की कापायची वेळ झाली. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून टोक-टोकच कापा. पुढच्या पायाचं वरचं, अंगठ्याचं नख चालून झिजत नाही. ते बघायचं हमखास राहून जातं.

कानाला वास येत असेल तर मात्र घरी खटपट न करता डॉक्टरांना दाखवा.