एका फोनवर दोन इअरबड्स एकाच वेळी कसे चालवायचे? (पंचवटी एक्स्प्रेस, दोघं, एकच स्क्रीन)

नाशिकरोडकर

नमस्कार मंडळी. पंचवटीने नाशिकरोड ते मुंबई जायचंय. दोघं शेजारी बसून एकाच फोनवर डाउनलोड केलेला चित्रपट बघायचा, असा बेत आहे. स्पीकर लावून डबा डोक्यावर घ्यायचा नाही.

फोन अँड्रॉइड १४ चा, सॅमसंग नाही, आयफोन नाही. हेडफोनचं गोल भोक नाही, फक्त टाइप-सी. इअरबड्स दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन्ही डब्यांवर ‘ब्लूटूथ ५.३’ छापलंय. दोन्ही पेअर होतात, यादीत दोन्हींखाली ‘कनेक्टेड’ दिसतं, पण आवाज एकातूनच येतो. दुसऱ्यावर टॅप केलं की पहिला गप्प.

युट्यूबवर बघून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘कमाल ब्लूटूथ ऑडिओ उपकरणं’ हा आकडा ५ केला, फरक शून्य. एम. जी. रोडवर विचारलं तर ‘मल्टिपॉइंटवाले बड्स घ्या, काम होईल’ असं सांगितलं. घ्यावेत का?

सिग्नल_सातपूर

मल्टिपॉइंट मुळीच घेऊ नका. ती गोष्ट नेमकी उलटी आहे: एक इअरबड आणि दोन फोन. लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना मोबाइलची रिंग त्याच कानात ऐकू यावी, यासाठी ती सोय. तुम्हाला हवाय एक फोन आणि दोन इअरबड. नाव ऐकून गल्लत होते आणि दुकानदारही तीच करतात.

डेव्हलपर ऑप्शन्समधला तो आकडा म्हणजे ‘किती जणांना दारात उभं राहू द्यायचं’ एवढंच. घरात घ्यायचं एकालाच. अँड्रॉइड संगीतासाठी एका वेळी एकच उपकरण ‘ॲक्टिव्ह’ धरतो, बाकीची जोडलेली पण मुकी. म्हणून यादीत दोन्ही ‘कनेक्टेड’ आणि आवाज एकातच.

आता हे असं का. आपण जे नेहमीचं ब्लूटूथ वापरतो त्यात संगीत ज्या पद्धतीने जातं तिला ए२डीपी म्हणतात. ती एकाकडून एकाकडे अशी आखलेली आहे. दोघांना ऐकवायचं तर फोनने तोच आवाज दोनदा, दोन स्वतंत्र प्रवाह करून पाठवायचा. रेडिओला ते जड नाही: साध्या एसबीसी कोडेकचा (कोडेक म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत) चांगल्या प्रतीचा प्रवाह ३२८ किलोबिट प्रतिसेकंद, दोन केले तर ६५६. क्लासिक ब्लूटूथची वाट कागदावर ३ मेगाबिटची आहे, प्रत्यक्षात बरीच कमी मिळते, तरी हे बसतं. अडतं ते फोन बनवणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये ती सोय दिली आहे की नाही इथे. त्यामुळे प्ले स्टोअरवरची ‘ड्युअल ब्लूटूथ’ ॲप्स उतरवण्यात वेळ घालवू नका. खालच्या थरात जी वाट नाही ती वरचं ॲप काढू शकत नाही. जाहिराती मात्र भरपूर दाखवतं.

सोय कुठे आहे:

सॅमसंगने गॅलॅक्सी एस८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ‘ड्युअल ऑडिओ’ दिलंय. बड्स कुठल्याही कंपनीचे चालतात. दोन्ही जोडा, गाणं सुरू करा, वरून पट्टी खाली ओढा, ‘मीडिया आउटपुट’मध्ये दोन्हींवर खूण करा. आवाज दोघांचा वेगळा कमी-जास्त होतो. जुन्या मॉडेलमध्ये ते ब्लूटूथच्या पानावर तीन ठिपके, मग ‘ॲडव्हान्स्ड’ असं दडलेलं असतं. कॉल आला तर तो एकाच बडमध्ये जाणार.

आयफोन ८ किंवा पुढचा असेल तर ‘शेअर ऑडिओ’, आयओएस १३ च्या काळापासून. पण तिथे दोन्ही बाजूंना एअरपॉड्स किंवा बीट्सची ठरावीक मॉडेलच लागतात. इतर कंपनीचे बड्स त्या यादीत येतच नाहीत.

तुमचा फोन या दोन्हींत नाही. उरते ती तिसरी वाट, एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची ए२डीपीनंतरची नवी पद्धत. पण तुमच्या डब्यावरच्या ५.३ वर जाऊ नका.

गंगापूररोड_४२२

५.३ बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात.

एलई ऑडिओची पायाभरणी ब्लूटूथ ५.२ मध्ये झाली, २०२० साली. त्यावरची संपूर्ण मानकं २०२२ मध्ये पुरी झाली आणि त्याच वर्षी एकाकडून अनेकांकडे प्रसारणाला ‘ऑराकास्ट’ हे नाव मिळालं. पण ५.२, ५.३, ५.४ या आकड्यांत एलई ऑडिओ ऐच्छिक आहे. डब्यावर ५.३ असूनही आत जुनंच ए२डीपी असू शकतं, आणि स्वस्त बड्समध्ये बहुधा तसंच असतं. डब्यावर किंवा कंपनीच्या तपशिलात तीन शब्दांपैकी एक तरी स्पष्ट लिहिलेला हवा: ‘एलई ऑडिओ’, ‘एलसी३’ (एलई ऑडिओचा कोडेक) किंवा ‘ऑराकास्ट’. यातही ऑराकास्ट लिहिलेलं असेल तरच प्रसारण ऐकता येण्याची खात्री. नुसत्या एलई ऑडिओवर नाही.

घरच्या घरी तपासायचं तर बड्स जोडा, ब्लूटूथच्या यादीत त्यांच्या नावापुढच्या चक्रावर टॅप करा. फोन आणि बड दोघांनाही येत असेल तर तिथे ‘एलई ऑडिओ’चं वेगळं बटण दिसतं. दिसलं नाही तर दोघांपैकी एकाला येत नाही. काही बड्समध्ये ते कंपनीच्या ॲपमधून आधी चालू करावं लागतं, तेवढं बघून घ्या.

पिक्सेल ८ पासूनच्या फोनांत अँड्रॉइड १६ वर ‘ऑडिओ शेअरिंग’ आलंय. सेटिंग्ज, कनेक्टेड डिव्हायसेस, कनेक्शन प्रेफरन्सेस या वाटेने सापडतं. गॅलॅक्सीच्या वरच्या मॉडेलांत ब्लूटूथच्या पानावर ऑराकास्टचा पर्याय असतो. दोन्ही बड्स मात्र एलई ऑडिओवाले हवेत. एक नवा, एक जुना अशी जोडी इथे जमत नाही.

एक मोठा फायदा सांगायचा राहिला. ऑराकास्टमध्ये प्रसारणासोबतच ‘अमुक इतक्या मिलिसेकंदांनी वाजवा’ असा ठरलेला विलंब जातो, त्यामुळे सगळे बड्स एकाच क्षणी बोलतात. ड्युअल ऑडिओत तसं नाही. दोन कंपन्यांचे बड्स आपापल्या वेळेने वाजतात. चित्रपटात विनोद झाला की एक आधी हसतो, दुसरा क्षणभराने. जेवढ्यास तेवढं चालतं, पण ओठ आणि आवाज यांचा मेळ एकाचाच बसतो, कारण व्हिडिओ ॲप चित्र मागे-पुढे करतं ते एकाच उपकरणाचा विलंब धरून.

देवळाली_कॅम्प

एवढ्या शास्त्रात पडायचंच कशाला? टाइप-सी ते ३.५ मिमी अडॅप्टर, त्याला दोन हेडफोनचा वाय-स्प्लिटर, दोन वायरवाले इअरफोन. चार्जिंग नाही, पेअरिंग नाही, विलंब शून्य.

फक्त स्प्लिटर घेताना बघा. सारखेच दिसणारे दोन प्रकार मिळतात. एकाच्या दोन टोकांवर माइक आणि हेडफोनची चित्रं असतात. तो संगणकासाठी, त्यात एका भोकातून काहीच ऐकू येणार नाही. दोन्ही टोकांवर हेडफोनचंच चित्र हवं. अडॅप्टरसुद्धा आत डॅक (डिजिटल आवाज वायरच्या हेडफोनला चालेल असा करणारी चिप) असलेला मागा. नुसत्या तारा जोडलेला स्वस्त अडॅप्टर काही फोनांत चालतो, अनेकांत फोन त्याला ओळखतच नाही. आणि दोन इअरफोन वेगळे असले तर एकाला आवाज मोठा, दुसऱ्याला बारीक येतो. दोघांचा रोध वेगळा, त्याला इलाज नाही. एकाच मॉडेलचे दोन घ्या.

नाशिकरोडकर

चक्रावर टॅप करून पाहिलं. दोन्ही बड्सना एलई ऑडिओचं बटण दिसत नाही. म्हणजे ती वाट बंद. वायर नको होती, कारण दोन्ही बड्स आधीच घरात आहेत. ब्लूटूथ ट्रान्समीटर म्हणतात तो डोंगल कामाचा आहे का?

सिग्नल_सातपूर

आहे, आणि तुमच्या बाबतीत तोच सरळ मार्ग. ‘एकाच वेळी दोन हेडफोन’ असं स्पष्ट लिहिलेला, टाइप-सी टोकाचा घ्या. फोन त्याला वायरचा हेडफोन समजतो आणि दोन बड्सना आवाज पाठवायचं काम डोंगल करतो. चार्जिंगसाठी बाजूला दुसरं भोक असलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर चित्रपट संपेपर्यंत फोन चार्जिंगला लावता येणार नाही.

जोडण्याचा क्रम महत्त्वाचा, कारण डोंगलला स्क्रीन नसते:

१. फोनचं ब्लूटूथ बंद करा. घरात आणखी कोणाच्या फोनशी ते बड्स जोडलेले असतील तर त्याचंही बंद करा. बड्स डबीतून बाहेर आले की आधी जुन्या फोनकडे धावतात, आणि डोंगल नुसता लुकलुकत बसतो. निम्म्या तक्रारी इथल्याच.

२. डोंगलवर टीएक्स-आरएक्स असं बटण असेल तर ते टीएक्सवर. आरएक्सवर ठेवलं तर तो पाठवायच्या ऐवजी घ्यायला बसतो.

३. डोंगल पेअरिंग मोडमध्ये, मग पहिला बड (म्हणजे पहिली पूर्ण जोडी) पेअरिंग मोडमध्ये. दोन्ही हातभर अंतरात. जुळला की पहिला डबीत ठेवून झाकण लावा.

४. डोंगल पुन्हा पेअरिंग मोडमध्ये आणून दुसरा जुळवा. मग पहिला डबीतून काढा. काही डोंगलना इथे पेअरिंगचं बटण एकदा नुसतं दाबावं लागतं.

हे सगळं घरीच उरका. डोंगल आवाक्यातल्या कुठल्याही पेअरिंग मोडमधल्या बडला धरतो. नाशिकरोडच्या फलाटावर बसून केलंत तर शेजारच्या प्रवाशाच्या कानात तुमचा चित्रपट.

फोनचा आवाज ७०-८० टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचं कमी-जास्त ज्याने त्याने बडवरून करा. काही फोनांत सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी’ (टाइप-सीला बाहेरची उपकरणं जोडू देणारी सोय) वेगळं चालू करावं लागतं, आणि वापर नसला की दहाएक मिनिटांनी ते आपोआप बंदही होतं. मध्यंतरानंतर आवाज गेला तर आधी तेच बघा.

गंगापूररोड_४२२

यात एक मेख आहे. फोनला वाटतं वायर लावलीय, म्हणून व्हिडिओ ॲप विलंबाचा हिशेबच करत नाही. डोंगल ते बड मात्र ब्लूटूथच, तिथे साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. डोंगलवर ‘लो लेटन्सी’ लिहिलेलं असलं तरी ते कोडेक बड्सनाही यायला हवं, आणि छोट्या इअरबड्समध्ये ते क्वचितच असतं. मग दोघंही एसबीसीवर उतरतात.

चित्रपट स्वतःच्या फाइलमध्ये असेल तर व्हीएलसी या प्लेअर ॲपमध्ये लावा. प्ले चालू असताना ‘ऑडिओ डिले’ उघडा आणि उणे २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. कुणाचा तरी जवळून बोलतानाचा चेहरा असलेला प्रसंग निवडा, ५०-५० ने मागे-पुढे करत जा. दोन बड्सचा विलंब वेगळा असेल तर मधला आकडा धरा. ओटीटी ॲपमध्ये ही सोय सहसा नसते, तिथे सहन करावं लागतं. नुसतं गाणं किंवा पॉडकास्ट असेल तर हा प्रश्नच नाही.

कृषीनगर_ट्रॅक

दोघं बरोबर चालताना ऐकणाऱ्यांसाठी एक भर. दोनपैकी एकाचाच आवाज तुटत असेल तर दोष बहुधा बडचा नसून शरीराचा असतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पाण्याने भरलेलं शरीर त्या लहरी शोषतं. फोन उजव्या खिशात आणि सोबतचा माणूस डावीकडे, म्हणजे मध्ये पूर्ण कंबर. फोन जोडीदाराच्या बाजूच्या दंडावर बांधा. ड्युअल ऑडिओवाल्यांनी एलडीएसी (जास्त प्रतीचा कोडेक) ९९० किलोबिटवर ठेवलं असेल तर ३३० वर आणा किंवा एसबीसी निवडा. फोनचा हॉटस्पॉट २.४ वर चालू असेल तर बंद करा.

देवळाली_कॅम्प

आणि हे काहीच जमलं नाही तर एकाच जोडीतला एक-एक बड वाटून घ्या. त्याआधी सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. नाहीतर डाव्या बाजूचा आवाज एकाला, उजव्याचा दुसऱ्याला, आणि संवाद अर्धवट. ‘कानातून काढल्यावर थांबा’ हेही बंद करा, नाहीतर एकाने चहावाल्याशी बोलायला बड काढला की दोघांचा चित्रपट थांबतो.

नाशिकरोडकर

डोंगल घेतो. कसाऱ्याच्या घाटात बोगद्यांमध्ये आवाज तुटेल का?

सिग्नल_सातपूर

नाही. बोगद्यात जातं ते मोबाइलचं नेटवर्क. डोंगल आणि बड दोघंही डब्यातच असतात, त्यांना बोगद्याचं काही नाही. फाइल फोनमध्ये आहे ना, मग इगतपुरीनंतर फोन सरळ विमान मोडवर टाका. कॉल येऊन चित्रपट थांबायचा नाही आणि बॅटरीही वाचेल. डोंगल वायरीच्या भोकात आहे, त्यामुळे विमान मोडमध्येही तो चालतोच.